समुद्रातील गवत आणि तिसऱ्यांचे शत्रू

कोकणातील खाड्यांच्या काठी ओहोटीच्या वेळी तिसऱ्या काढण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करतात. पाणी उतरले की विळ्याच्या टोकाने किंवा नुसत्या बोटांनी वाळू उकरून तिसऱ्या गोळा केल्या जातात. घरच्या कालवणाची सोय होऊन उरलेला माल बाजारात जातो. ह्या कामात कधी कधी असा अनुभव येतो की, एखाद्या पुळणीवर नखाएवढ्या तिसऱ्यांचे दाट बी पडलेले दिसते, पुढे चांगला माल मिळेल अशी आशा वाटू लागते, आणि दोन-तीन महिन्यांनी त्याच ठिकाणी रिकाम्या शिंपांखेरीज काही सापडत नाही. शेतात रोपे अशी नाहीशी झाली तर शेतकरी पानांवरील खुणा पाहतो, मुळाशी उकरून पाहतो आणि कीड कोणती हे ठरवितो. तिसऱ्यांच्या बाबतीत मात्र दर्याची मर्जी म्हणून विषय सोडून दिला जातो. वस्तुतः खुणा येथेही असतात, आणि रिकाम्या शिंपा त्या खुणा बराच काळ जपून ठेवतात.

तिसरीची अंडी व त्यांतून निघणारे सूक्ष्म डिंभ प्रथम काही दिवस पाण्याबरोबर तरंगत असतात. नंतर ते तळाशी बसतात आणि वाळूच्या कणाएवढा तो जीव स्वतःला वाळूत पुरून घेतो. तेथून पुढे त्याचे सारे आयुष्य जवळजवळ एकाच जागी जाते. पाण्यातील सूक्ष्म वनस्पती व अन्य कण गाळून घेण्यासाठी तो दोन नळ्या वाळूबाहेर काढतो, आणि धोका जाणवताच त्या आत ओढून शिंपा मिटून घेतो. तिसरी पळू शकत नाही, चावू शकत नाही. तिच्यापाशी संरक्षणाची साधने दोनच: जाड कवच आणि वाळूतील खोली. निसर्गाने ही दोन्ही साधने प्रत्येक जातीला सारख्या प्रमाणात दिलेली नाहीत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मऊ कवचाच्या तिसरीचे शिंप हाताने मोडेल इतके पातळ असते. परंतु तिच्या नळ्या लांब असल्याने मोठी झाल्यावर ती वीतभर खोल जाऊन राहते. त्याच किनाऱ्यावरील कठीण कवचाच्या तिसरीच्या नळ्या आखूड असतात. ती खोल जाऊ शकत नाही, पण तिचे कवच पुढे असे दगडासारखे होते की, साधारण ४० मिलिमीटरपेक्षा मोठी तिसरी फोडणे तेथील निळ्या खेकड्यालाही जड जाते. लहान वयात मात्र दोघींचेही कवच पातळ व खोली बेताची असते. संहार होतो तो ह्याच अवस्थेत.

शत्रूची ओळख

मेलेल्या तिसरीचे शिंप हातात घेऊन पाहिले असता ती कोणी मारली हे पुष्कळदा सांगता येते. शिंपावर एक स्वच्छ, वाटोळे भोक असेल, आणि भोकाची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा रुंद, म्हणजे उतरती घासलेली असेल, तर ते काम वाळूत राहणाऱ्या गोल, गुळगुळीत शंखाच्या मांसाहारी गोगलगाईचे होय. नॅटिका ह्या नावाने शास्त्रज्ञ ओळखतात ती हीच. ती वाळूतून सरकत जाऊन तिसरीला आपल्या मोठ्या पायात लपेटते, आम्लयुक्त स्रावाने कवच मऊ करते आणि कानशीप्रमाणे असलेल्या जिभेने ते घासत राहते. एक भोक पाडण्यास तिला कित्येक तास लागतात, परंतु तिसरीला पळता येत नसल्याने घाई करण्याचे कारण नसते. कोकणच्या किनाऱ्यावर मुले दोऱ्यात ओवण्यासाठी जी भोके पडलेली शिंपली वेचतात, त्यांतील अनेक ह्याच गोगलगाईने छिद्रे पाडलेली असतात. पुळणीवर वाळूची बनलेली, कॉलरच्या आकाराची अर्धवट कडी आढळली, तर ती ह्या जातीच्या गोगलगाईंची अंडी समजावी.

शिंपाची कड तुटलेली, दातरे पडलेली, आणि शिंपाचे दोन-चार मोठे तुकडे जवळच पडलेले असतील तर खेकड्याचा संशय घ्यावा. पाकट माशाचे जबडे सपाट दगडी पाट्यासारखे असतात. तो तिसरी चुरडून मांस गिळतो व कवचाचा चुरा तोंडाबाहेर टाकतो. त्यामुळे जेथे पाकट चरून गेले तेथे वाळूत बशीसारखे खळगे व त्यांभोवती बारीक चुरा दिसतो. तारामासा आपल्या असंख्य नलिकापादांनी दोन्ही शिंपे ओढून किंचित उघडतो आणि आपले जठर बाहेर काढून फटीतून आत सारतो. त्यामुळे त्याच्या शिकारीनंतर शिंप अखंड राहते.

अखंड व जोडलेली शिंपे एकाच वेळी मोठ्या संख्येने उघडी पडलेली आढळली, तर मात्र शत्रूपेक्षा पाण्याकडे लक्ष द्यावे. पावसाळ्यात खाडीला गोड्या पाण्याचा मोठा लोंढा आला, अथवा वर गाळाचा थर बसला, म्हणजे तिसऱ्या अशाच मरतात. तेथे खेकड्यांना दोष देऊन उपयोग नाही.

गवत काय करते

शत्रू सर्वत्र आहेत. मग काही जागी तिसऱ्या टिकतात आणि काही जागी टिकत नाहीत, हे कसे? ह्या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः उत्तर कॅरोलिना, व्हर्जिनिया व मेरीलँड ह्या राज्यांच्या उथळ खाड्यांत झालेला आहे. तेथे तिसऱ्यांचा मोठा व्यवसाय असल्याने हा विषय केवळ कुतूहलाचा राहिला नाही. तेथील तळावर मोठ्या पट्ट्यांनी समुद्री गवत वाढते. हे गवत म्हणजे शेवाळ नव्हे. शेवाळाला खरी मुळे नसतात. समुद्री गवताला मुळे, जमिनीतून आडवे पसरणारे खोड, पाने, फुले व बी असते. केवळ ते खाऱ्या पाण्यात बुडून जगते इतकेच. तिकडील मुख्य जात ईलग्रास नावाची असून तिची पाने फितीसारखी लांब असतात.

उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर चार्ल्स पीटरसन ह्या शास्त्रज्ञांनी गवताच्या व उघड्या वाळूच्या जागी कठीण कवचाच्या तिसऱ्या ठेवून, मोठ्या शिकारी शंखांकडून त्यांचा किती नाश होतो हे तपासले. हे काम १९८२ साली प्रसिद्ध झाले. गवताच्या आच्छादनाखाली तिसऱ्यांचा नाश कमी होतो असे त्यात दिसून आले. ह्याचे कारण पानांपेक्षा मुळांत अधिक आहे. गवताची आडवी खोडे व मुळे एकमेकांत गुंतून वाळूत एक प्रकारची चटई विणतात. शंख असो की खेकडा, त्याला तिसरी उकरून काढावी लागते; आणि हराळीने गच्च धरलेली जमीन कुदळीने खणताना जो त्रास माणसाला होतो तोच त्याला होतो. शिवाय दाट पानांत शोध घेण्यास वेळ लागतो, आणि शोधासाठी जितका वेळ अधिक तितकी शिकार कमी.

गवत हे शत्रूला हाकलून देत नाही, ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. उलट निळ्या खेकड्याची पिले ईलग्रासमध्येच आसरा घेऊन वाढतात. एकाच शेतात बी आणि उंदीर दोन्ही नांदावेत तसे हे आहे. फरक एवढाच की, गवताच्या मुळांखाली बी उंदराच्या हाती सहज लागत नाही.

ह्यापुढचा प्रश्न असा की, थोडे गवत पुरते की दाट गवत लागते? १९९४ साली एलिझाबेथ इर्लंडी ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, तळाचा जितका अधिक भाग गवताने व्यापलेला, तितक्या अधिक तिसऱ्या वाचतात. गवताचे पुंजके पुंजके राहिले आणि मध्ये उघडी वाळू पडली, तर संरक्षण उणावते. गवताच्या पट्ट्यात मधूनमधून खणून वाटा पाडल्याने गवत थोडेच गेले असे दिसते. तिसऱ्यांच्या दृष्टीने हानी त्याहून मोठी असते.

शत्रूने प्राण घेतला नाही तरी नुकसान होते, हेही लक्षात आलेले आहे. लहान मासे वाळूबाहेर आलेल्या नळ्यांची टोके कुरतडतात. तिसरी मरत नाही. परंतु तिला नळी पुन्हा वाढवावी लागते, नळी आत ओढून बसल्याने तेवढा वेळ तिचे खाणे बंद राहते, आणि तिची वाढ मंदावते. युरोपच्या किनाऱ्यावरील एका लहान तिसरीत असेही आढळले की, नळी आखूड झाली म्हणजे ती वाळूत कमी खोलीवर राहू लागते आणि मोठ्या शत्रूंच्या आटोक्यात येते. पान कुरतडणाऱ्या अळीमागोमाग खोडकिडीने शिरावे असा हा प्रकार आहे.

तिसऱ्या ह्या गवताचे ऋण फेडतात असे म्हटले तर ते अगदीच अलंकारिक होणार नाही. त्या पाणी गाळून स्वच्छ करतात, त्यामुळे उजेड तळापर्यंत पोचतो. आणि त्यांची विष्ठा गवताच्या मुळांशी खत म्हणून पडते.

गवतही गमावले जाते

चेसापीक उपसागरातील मऊ कवचाच्या तिसरीची हकीकत ह्या दृष्टीने बोलकी आहे. जून १९७२ मध्ये ॲग्नेस नावाच्या वादळाने अतोनात पाऊस पाडला. नद्यांतून आलेल्या गोड्या व गढूळ पाण्याने तेथील ईलग्रासची फार हानी झाली आणि ह्या तिसऱ्याही प्रचंड प्रमाणात मेल्या. पाणी पुढे निवळले, परंतु तिसऱ्या पूर्वीच्या संख्येने परतल्या नाहीत. उरलेल्या थोड्या तिसऱ्यांना निळे खेकडे व अन्य शत्रू वाढू देत नाहीत, हे त्याचे एक कारण शास्त्रज्ञ मानतात. रोगांचाही त्यात भाग आहे. मग त्या साफ नाहीशा कशा झाल्या नाहीत? वाळूत तिसऱ्या फार विरळ झाल्या म्हणजे खेकड्याला त्यांच्या शोधात श्रम घालविणे परवडत नाही. तो दुसऱ्या भक्ष्याकडे वळतो. हे १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दाखविले गेले. अशा रीतीने शत्रू पिकाचा समूळ नाश न करता ते कायम विरळ ठेवतो. खाणाऱ्याच्या दृष्टीने ते पीक गेल्यातच जमा.

काही शत्रू तिसऱ्यांबरोबर गवतही उखडतात. चेसापीक उपसागरात पाकटांचे थवे तिसऱ्यांसाठी तळ उकरताना ईलग्रासचे पट्टे मुळासकट वर काढतात, अशी नोंद १९७५ साली प्रसिद्ध झालेली आहे. उत्तरेकडे मेन राज्यात हिरव्या खेकड्याने हेच केले. हा खेकडा मूळचा युरोपातील. अमेरिकेत त्याची पहिली नोंद १८१७ सालची आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास त्याने मेनच्या मऊ तिसऱ्यांचे उत्पादन खाली आणले, आणि २०१२-१३ च्या सुमारास तेथील कॅस्को उपसागरातील ईलग्रासचे विस्तृत पट्टे नाहीसे झाले तेव्हाही त्याच्याकडेच बोट दाखविले गेले. बाहेरून आलेला जीव स्थानिक शत्रूपेक्षा किती निराळा ठरू शकतो, ह्याचे हे उदाहरण आहे.

गवत एकदा गेले म्हणजे ते आपोआप येईल अशी आशा धरू नये. व्हर्जिनियाच्या समुद्राकडील खाड्यांत १९३० नंतर रोगाने ईलग्रास खालावले होते. ऑगस्ट १९३३ च्या वादळाने उरलेलेही गेले. गवतावर अवलंबून असणाऱ्या स्कॅलप ह्या शिंपल्याचा तेथील धंदा त्याबरोबरच संपला. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे त्या खाड्या उघड्या राहिल्या. अखेर तेथील सागरी विज्ञान संस्थेने अन्यत्रच्या गवताचे बी गोळा करून १९९९ पासून ते पेरण्यास आरंभ केला. सुमारे २०० हेक्टरांत ७ कोटींहून अधिक बी टाकले गेले, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार गवत सुमारे ३,६०० हेक्टरांवर पसरले. शेतकऱ्यास ह्यात नवल वाटू नये. योग्य जमिनीत, योग्य वेळी, पुरेसे बी पडले, इतकाच त्याचा अर्थ.

माणसाचा हात

तिसऱ्यांचा सर्वांत मोठा शत्रू गवतात खेकडा असतो की माणूस, हे ठरविणे कधी कधी कठीण जाते. उत्तर कॅरोलिनात तिसऱ्या काढण्याच्या दोन पद्धती होत्या: हाताने दाताळे ओढणे, आणि बोटीच्या पंख्याच्या झोताने वाळू उडवून तिसऱ्या उघड्या पाडणे. ह्या दोहोंचा गवतावरील परिणाम पीटरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजला व १९८७ साली प्रसिद्ध केला. दाताळ्याने अथवा सौम्य झोताने गवत सुमारे एक-चतुर्थांश घटले, पण वर्षभरात ते भरून आले. जोरदार झोताने मात्र ते सुमारे ६५ टक्के घटले. दोन वर्षांहून अधिक काळ सुधारणेला प्रारंभही झाला नाही, आणि चार वर्षांनंतरही ते अपेक्षेपेक्षा सुमारे ३५ टक्के कमी होते. हाताचे काम आणि यंत्राचे काम ह्यांतील फरक इतका मोठा आहे.

शत्रूला मारून टाकावे ही कल्पना साहजिकच सर्वांना प्रथम सुचते. पाकटांच्या बाबतीत ती अंगलट येता येता राहिली. मोठे शार्क मासे कमी झाल्याने पाकट वाढले आणि पाकटांनी शिंपल्यांचा धंदा बुडविला, असा निष्कर्ष २००७ साली एका नामांकित शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातून पाकट मारण्याला जोर चढला. २०१६ साली अन्य शास्त्रज्ञांनी तीच माहिती पुन्हा तपासून तो निष्कर्ष टिकत नाही असे दाखविले. ह्या पाकटाची मादी वर्षाला एकच पिलू घालते, त्यामुळे एकदा घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. मेरीलँड राज्याने २०१७ साली पाकट मारण्याच्या स्पर्धांना मनाई केली.

त्यापेक्षा बी झाकण्याचा मार्ग शहाणपणाचा ठरला. व्हर्जिनियात मायकेल कास्टान्या ह्यांनी १९७० च्या दशकात लहान तिसऱ्यांच्या वाफ्यावर फोडलेल्या खडीचा थर देऊन पाहिला. खडी खेकड्याला उकरता येत नाही. गवताच्या मुळांचेच काम ती करते. पुढे वाफ्यांवर जाळे अंथरण्याची रीत तेथील व्यवसायात रूढ झाली. वाफ्यात टोडफिश नावाचा, खेकडे खाणारा मासा ठेवण्याचाही प्रयोग झाला. कोठारात मांजर ठेवण्यासारखीच ही युक्ती आहे.

कोकणच्या खाड्यांसंबंधी

आपल्याकडील परिस्थिती सर्वस्वी अशीच आहे असे समजू नये. कोकणातील व गोव्यातील खाड्यांत कांदळवनाबाहेरील चिखल व वाळूच्या पट्ट्यांवर हॅलोफिला बेकारी ही समुद्री गवताची जात आढळते. तिची पाने बोटाच्या पेराएवढी लहान व झुबक्याने असतात आणि मुळे नाजूक असतात. ईलग्रासच्या दाट चटईशी तिची बरोबरी होणार नाही, आणि तिकडील आकडे जसेच्या तसे इकडे लावणे चुकीचे होईल. परंतु ही जात जागतिक पातळीवर धोक्यात असल्याचे नोंदविले गेले आहे, आणि २०११ व २०१९ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनांत समुद्री गवताच्या पट्ट्यांना सर्वाधिक संवेदनशील क्षेत्रांत स्थान दिलेले आहे. ओहोटीला हे हिरवे पट्टे शेवाळासारखे दिसतात, म्हणून त्यांवर गाळ, भराव किंवा कचरा टाकला जातो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते ओळखून गावाच्या नकाशावर त्यांची जागा नोंदवून ठेवावी.

तिसऱ्या काढणाऱ्या भगिनींना गवत तुडवू नका असे नुसते सांगून भागणार नाही. कारण गवताजवळ माल चांगला मिळाला तर त्या तेथेच जाणार. त्यांच्याशी बसून, गवताच्या पट्ट्याबाहेरील वाळूत आळीपाळीने काढणी करावी, गवतात खणावेच लागले तर हातानेच खणावे, उकरलेले खड्डे लगेच बुजवावे आणि नखाएवढ्या तिसऱ्या जागच्या जागी परत पुराव्या, असे ठरवून घ्यावे. टाकलेली लहान तिसरी वाळूवर उघडी पडून राहिली तर ती पक्ष्यांच्या व खेकड्यांच्या तोंडी जाते. ती पुरण्यास क्षणभरही लागत नाही.

कोणी बी आणून खाडीत वाफे करण्याचा विचार करीत असेल, तर त्याने प्रथम दर पंधरा दिवसांनी एकाच जागी शंभर रिकाम्या शिंपा वेचाव्या आणि भोकाच्या, फुटलेल्या, चुरा झालेल्या व अखंड अशा चार ढिगांत त्या वेगळ्या कराव्या. भोकाच्या अधिक निघाल्या तर गोगलगाई व त्यांच्या वाळूच्या कड्या हाताने वेचणे शक्य असते. फुटलेल्या अधिक निघाल्या तर जाळ्याची गरज आहे. चुऱ्याचा ढीग मोठा झाला तर पाकट येत आहेत असे समजून जाळे अधिक बळकट घ्यावे. अखंड अधिक निघाल्या तर त्या जागेवर पैसा घालू नये. विष टाकून शत्रू मारण्याचा विचार तर मनातही आणू नये. त्याने तिसऱ्याच आधी मरतात व खाणाऱ्यासही अपाय होतो. जाळे गवतावर कधीही अंथरू नये, कारण उजेड अडून गवत मरते. उघड्या वाळूवर अंथरलेल्या जाळ्याच्या कडा वाळूत पुरून किंवा वजन ठेवून दाबाव्या, नाहीतर खेकडा कडेखालून शिरतो आणि आत अडकून सगळा वाफा फस्त करतो. जाळ्यावर शेवाळ व गाळ चढला की खालच्या तिसऱ्यांना पाणी मिळेनासे होते. म्हणून मोठ्या ओहोटीच्या प्रत्येक वेळी ते झाडून स्वच्छ करावे.